वळिवडे-गांधीनगरचा इतिहास कसा नोंदवावा

कोल्हापूरच्या पूर्वेस, मिरजेच्या लोहमार्गावर वळिवडे हे छोटे स्थानक आहे. १९४३ ते १९४८ या काळात येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि त्यांत मुख्यतः स्त्रिया व मुले होती. पुढे फाळणीमुळे सिंध सोडावे लागलेली कुटुंबे त्याच जागी राहायला आली. घाऊक कापडाची पेठ म्हणून आपण ज्या गांधीनगरला ओळखतो, ते असे दोन विस्थापनांतून उभे राहिले. ती वर्षे स्वतः पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत, म्हणून हे काम ज्याला करावयाचे आहे त्याने ते याच वर्षी हाती घ्यावे.

प्रथम, कोणालाही भेटण्यापूर्वी, सनावळीचा एक कागद तयार करावा. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले; जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांची सुटका होऊ लागली; १९४२ मध्ये त्यांतील अनेक जण इराणमध्ये पोहोचले आणि तेथून काही हिंदुस्थानात आले. नवानगर (आजचे जामनगर, गुजरात) संस्थानचे राजे जामसाहेब यांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला तो याच वर्षी, आणि वळिवड्याची छावणी त्यानंतरची. हा कागद हाताशी असला की सांगोवांगीच्या गोष्टी पारखता येतात. छावणी राजाराम महाराजांनी उभारली असे कोणी सांगितले, तर महाराजांचे निधन १९४० मध्येच झाले होते आणि छावणीच्या बहुतेक काळात गादीवर अल्पवयीन छत्रपती होते, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. तरीही सांगणाऱ्याला मध्येच थांबवून दुरुस्त करू नये. त्याचे वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि आपली टीप वेगळ्या शाईने समासात लिहावी, कारण गावाने हे श्रेय कोणाला दिले हीसुद्धा नोंदण्याजोगी गोष्ट आहे.

कागदपत्रांसाठी दोन वाटा धराव्यात. कोल्हापूर संस्थान मार्च १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, त्यामुळे छावणीच्या काळातील दप्तर संस्थानी आहे. ते कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधावे आणि मोडी वाचणारा सोबती बरोबर ठेवावा. दुसरी वाट तलाठ्याच्या फेरफारांची. छावणीखालची जमीन आधी कोणाच्या नावे होती, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. वळिवड्याच्या मूळ रहिवाशांचा इतिहास मात्र तेथूनच सुरू होतो, असे माझे ठाम मत आहे.

मुलाखती हा या कामाचा गाभा आहे. व्यापारी कुटुंबांना दिवाळीत आणि लग्नसराईत उसंत नसते, म्हणून भेटी आषाढात ठरवाव्यात. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीशी स्वतंत्रपणे बोलता आले तर उत्तम, कारण दुकानाची हकीकत पुरुष सांगतात, पण बराकीतील एका खोलीत संसार कसा मांडला हे तिलाच माहीत असते. ‘तेव्हा काय वाटले?’ असे विचारल्यास ठरावीक उत्तर मिळते. त्याऐवजी पहिली चूल कोठे मांडली, पाणी कोठून आणले, पहिले कापड कोणाकडून उधारीवर घेतले आणि मराठी कोणाकडून शिकलात, असे विचारावे. वळिवड्यातील वृद्धांना छावणीत दूध, भाजी, सरपण कोण पोहोचवीत असे आणि पोलिश माणसांशी कोणत्या भाषेत बोलणे होई, हे विचारावे. सन आठवत नसेल, तर गांधीहत्येनंतर कोल्हापुरात झालेली जाळपोळ, कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ अशा खुणा सांगून ‘त्याच्या आधी की नंतर?’ एवढेच विचारावे.

सिंधमधून निघतानाच्या प्रसंगांवर कधीही जोर देऊ नये. आवाज जड झाला की ध्वनिमुद्रण बंद करावे आणि पुन्हा सुरू करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. ही माणसे आपल्यासमोर आपले घर दुसऱ्यांदा सोडत असतात, हे विसरू नये.

घरात जुने फोटो, मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचे क्लेमचे कागद किंवा अरबी-सिंधी लिपीतील पत्रे निघाली, तर ती घरी नेण्यासाठी मागू नयेत. तेथेच मोबाईलवर टिपावीत आणि मागील बाजूची अक्षरेही टिपावीत. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर जिल्ह्यात अशा कागदांचे मोल वेगळे सांगायला नको.

त्यानंतर एखाद्या जाणत्या रहिवाशाबरोबर परिसर पायी फिरून हाती नकाशा काढावा आणि बराकी, चर्च, शाळा, दवाखाना यांच्या जागा त्याच्या सांगण्यावरून मांडाव्यात. महावीर उद्यानातील पोलिश स्मृतिस्तंभ आणि शहरातील पोलिश थडगी यांवरील मजकूर अक्षरशः उतरवून घ्यावा. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

लिहिताना वळिवडेकर, पोलिश आणि सिंधी यांच्या हकीकती एकमेकींत मिसळू नयेत. जेथे त्या जुळत नाहीत तेथे दोन्ही ठेवाव्यात. मसुदा झाला की ज्याची हकीकत आहे त्याच्या घरी जाऊन ती मोठ्याने वाचून दाखवावी. त्याने बदल सुचविला तर तो तारखेसह नोंदवावा, मूळ वाक्य खोडू नये आणि एक छापील प्रत त्याच दिवशी त्या घरी ठेवून यावी.