ओसीडी असेल तर या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

आजी याला मंत्रचळ म्हणायची, डॉक्टर ओसीडी म्हणतात. म्हणजे नको ती शंका डोक्यात परत परत येते आणि ती शमवायला माणूस तेच तेच तपासत नाहीतर धुवत बसतो. माझा प्रकार गॅस आणि कुलपाचा. दाभोळला जेटीवर धोपाव्याची फेरीबोट समोर लागलेली असायची आणि मी उलटा घराकडे पळत सुटायचो, रेग्युलेटर बंद केलाय ना बघायला. एकदा तर लागोपाठ तीन बोटी सोडल्या, तिकीट फाडणारा पोरगा पण हसायला लागला.

माझी सगळ्यात लाडकी चूक म्हणजे फोटो. शक्कल काढली की निघताना कुलपाचा मोबाईलवर फोटो काढायचा, म्हणजे परत यायला नको. चार दिवस भारी गेले. मग झूम करून बघणं सुरू, मग हा आजचाच की कालचा म्हणून टाइम बघणं, मग व्हिडिओ... गॅलरीत पोरांपेक्षा कुलपाचे फोटो जास्त! होतं काय, तपासलं की धाकधूक पाच मिनिटं उतरते आणि मेंदू धडा घेतो की तपासलं म्हणून वाचलो, मग पुढच्या वेळी डबल मागतो. खरूज खाजवण्यासारखंच.

घरचे पण हेच करतात, मायेपोटी. बायको दिवसातून वीसदा "अहो, बंद आहे हो" म्हणायची. आता म्हणते, "भीती वाटतेय ते कळतंय, पण उत्तर देणार नाही." पण हे दोघांनी आधी बसून ठरवायचं हां, अचानक तोंड बंद केलं तर पेशंट अजून बिथरतो.

यावरची मेन थेरपी म्हणजे ईआरपी, भीती येऊ द्यायची पण तपासायचं नाही, धुवायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. मी शहाणपणा करून पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड गोष्ट घेतली, घर एकदाच बंद करून थेट चिपळूण. अर्ध्या वाटेतून परत. थेरपिस्टने मग पायऱ्या पाडून दिल्या, आधी पडवीची खिडकी, मग मागलं दार, गॅस सगळ्यात शेवटी.

आणि घाण विचार लपवू नका. विहिरीच्या कठड्याशी लेकाला घेऊन उभं असताना 'ढकलला तर' असं डोक्यात आलं, मी वर्षभर कोणाला बोललो नाही, विहिरीकडे जाणंच बंद केलं. डॉक्टर ऐकून दचकलेसुद्धा नाहीत. ओसीडीत असले विचार येतात, आपल्याला ते नकोच असतात म्हणून तर एवढा घाम फुटतो. दाबले की जास्त येतात.

गोळ्यांचं थोडक्यात: पूर्ण फरक कळायला ८ ते १२ आठवडे जातात, महिन्यातच "काय उपयोग नाय" म्हणून सोडू नका. बरं वाटलं म्हणून पण स्वतःहून बंद करू नका, मी गणपतीत केल्या होत्या, दिवाळीला परत कुलपापाशी उभा.

आईच्या समाधानासाठी देवळात कौलही लावला, त्याला माझी ना नाही, पण "बाहेरचं असेल" करत दीड वर्ष गेलं ते गेलंच. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, नाव ऐकून घाबरायचं काम नाही, ओसीडीवाले तिथे दाखवून घरी जातात. तेवढंही लांब वाटत असेल तर टेली मानस म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.