शहाबादी फरशीवर बॅले: लवचिकता कशी वाढवायची आणि कुठं थांबायचं

माझ्याकडं जुळे सोलापुरात घरच्याच हॉलमध्ये शनिवार-रविवार सात-आठ पोरं बॅले करायला येतात, आणि नवीन आलेली प्रत्येक पोरगी पहिल्या दिवशी एकच विचारते, ताई स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ पसरून जमिनीवर बसणं) किती दिवसांत येईल? एकीनं तर मोबाईलच पुढं केला, सात दिवसांत फुल स्प्लिट असा व्हिडिओ, आणि त्यातली बाई आधीपासूनच रबरासारखी. मी म्हटलं सात दिवसांत फार तर दवाखाना येईल बघ.

अनुभवानं बोलतेय मी. तेरा वर्षांची होते, दिवाळीची सुट्टी, सकाळी गच्चीवर गारठ्यात वॉर्मअप नाही काही नाही, डायरेक्ट स्प्लिटमध्ये बसले आणि चुलत बहिणीला म्हटलं मागनं खांद्यावर दाब. तिनं बिचारीनं दाबलं. बसायच्या हाडापाशी टक्कन झालं आणि पुढचे दोन महिने शाळेच्या बाकावर एका बाजूला कलून बसत होते. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मांडीचा मागचा स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग जिथं हाडाला चिकटतो तिथली वाढीची जागा या वयात कच्ची असते, जोरात ओढ बसली तर हाडाचा तुकडाच सुटून येऊ शकतो. माझा सुटला नव्हता, नशीब. तेव्हापासून माझ्या हॉलमध्ये एक नियम आहे, कोणी कोणाला दाबायचं नाही. पाठीवर बसायचं नाही, फ्रॉगमध्ये, म्हणजे बेडकासारखे पाय फाकवून पालथं पडल्यावर, कंबरेवर पाय द्यायचा नाही, ताईनं सुद्धा नाही. शिकवणारे सर किंवा मॅडम असं करत असतील तर सरळ "नको, दुखतंय" म्हणा, त्यात उद्धटपणा काही नाही.

आता करायचं कसं ते. थंड अंगानं ताणायचं नाही, आणि झोपेतनं उठल्या उठल्या तर मुळीच नाही. आधी 10-15 मिनिटं अंग गरम करा, जिना दोन-तीनदा चढा-उतरा, जागच्या जागी गुडघे वर घेऊन चाला, हात गोल फिरवा, मग खिडकीचा गज धरून एकेक पाय पुढं-मागं हलका झुलवा, झुलवा म्हणजे फेकू नका. कपाळावर जरा घाम आला की बार सुरू, म्हणजे दांडी धरून करायचे व्यायाम, प्लिए (गुडघे वाकवणं), तांद्यू (पाय फरशीवरनं सरकवत ताणणं), हळूहळू मोठ्या हालचाली. बऱ्याच पोरी क्लासच्या आधी कोपऱ्यात स्प्लिटमध्ये बसून गप्पा मारतात, ते दिसायला भारी दिसतं पण लांब वेळ धरून ठेवलेल्या स्ट्रेचनं स्नायूचा जोर थोडा वेळ कमी होतो आणि लगेच उड्या मारायच्या असल्या तर ते बरं नाही. आधी हलता स्ट्रेच, धरून ठेवायचा स्ट्रेच क्लास संपल्यावर.

आणि आपल्या उन्हाळ्याची एक गंमत आहे, एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर गेला की काही न करताच अंग सैल वाटतं, मग रोजच्यापेक्षा चार बोटं जास्त खाली जायचा मोह होतो. पण सांधा धरून ठेवणारी ताकद काही उन्हानं वाढत नाही. त्या दिवसांत प्रॅक्टिस सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा, पाण्याची बाटली शेजारी, आणि वॉर्मअप तरीही करायचाच.

फरशीबद्दल जरा जास्त बोलते कारण याकडं कोणाचं लक्षच नसतंय. जुन्या घरात शहाबादी, नव्या घरात टाइल्स, दोन्हीच्या खाली काँक्रीट. बॅलेचा खरा फ्लोअर लाकडी असतो, खाली पोकळी सोडलेली असते, उडी मारून खाली आलं की तो थोडा दबतो आणि धक्का खातो. शहाबादी काही खात नाही, सगळा धक्का तुमच्या नडगीला, गुडघ्याला आणि टाचेला. म्हणून घरी उड्या बंद, अगदी सोते म्हणजे जागच्या जागी छोट्या उड्या सुद्धा. घरी बार करा, ताकदीचं करा, स्ट्रेच करा. स्ट्रेचसाठी आपली सोलापुरी चादर चार घड्या घालून गुडघ्याखाली घ्या, महागडी मॅट नसली तरी चालतंय, पण त्या चादरीवर उभं राहून गिरक्या मारू नका, ती सरकते. मोजे घालून टाइल्सवर स्प्लिट पण नको, पाय अचानक सुटला की थांबवता येत नाही.

क्लासनंतरचे माझे तीनच स्ट्रेच आहेत, रोज पंचवीस प्रकार करायची गरज नाही. पाठीवर झोपा, एका पायाच्या तळव्याला टॉवेल अडकवा (टॉवेलला तर आपल्या गावात तोटा नाही) आणि पाय वर आणा, गुडघा किंचित वाकला तरी चालेल पण कंबर जमिनीवरनं उचलायची नाही. मांडीच्या मागच्या बाजूला मधोमध ताण आला पाहिजे. गुडघ्याच्या मागं ओढल्यासारखं होऊन पोटरीपर्यंत मुंग्या आल्या तर तो स्नायू नाही, शीर म्हणजे नर्व्ह ताणली जातेय, लगेच सैल सोडा. 30 सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, दोन्ही पायांना तीन-तीनदा. दुसरा लंज, एक पाय पुढं वाकवून, मागचा गुडघा चादरीवर. इथं सगळे चुकतात, पुढं झुकत जातात आणि कंबरेत कमान करतात, मग ताण जिथं पाहिजे तिथं येतच नाही. मागच्या पायाकडचा कुल्हा घट्ट आवळा, माकडहाड खाली खेचा, इतक्यातच जांघेत ताण जाणवेल, एक इंच पण पुढं जायची गरज नाही. पुढचा स्प्लिट अडतो तो अर्धा या मागच्या जांघेमुळंच, पोरी मात्र नुसत्या हॅमस्ट्रिंगच्या मागं लागतात. तिसरं आपलं फुलपाखरू, तळवे एकमेकांना जोडून, पाठ सरळ, गुडघे हापसायचे नाहीत, नुसतं बसायचं.

किती ताणायचं? दहापैकी पाच-सहा. चेहरा वाकडा झाला, श्वास रोखला गेला, की समजायचं जास्त झालं. स्नायू घाबरला की उलटा आवळून धरतो, मग कितीही ओढा. आठवड्यातनं चार-पाच दिवस असं केलं तर फरक दिसायला महिना-दोन महिने लागतातच, आणि काहींना फुल स्प्लिट यायला वर्ष लागतं. आपल्याकडं गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वज, त्या उंच काठ्या, पेलताना बघतो ना आपण, ते लोक यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव करत असतात, संक्रांतीला एकदम कोणी येऊन पेलत नाही.

आणि आता जे कोणालाच ऐकायचं नसतं ते. नुसतं ताणून बॅले येत नाही. हातानं धरून पाय कानापर्यंत जातो आणि सोडला की कमरेच्या खाली येतो, ही सगळ्यांची गोष्ट, कारण लांबी आहे पण उचलायची ताकद नाही. म्हणून प्रत्येक स्ट्रेचनंतर त्याच दिशेची ताकद करा. पाठीवर झोपून सरळ पाय हळू वर, हळू खाली, दहा वेळा. गुडघे वाकवून कंबर उचलायचा ब्रिज. भिंतीला धरून टाचा वर-खाली, खाली येताना तीन आकडे मोजत. ज्या पोरींचा स्प्लिट पहिल्या दिवशीच बसतो, अंगठा मनगटाला टेकतो, कोपर उलटं वळतं, त्यांचं सगळे कौतुक करतात, पण मला त्यांचीच जास्त काळजी असते. त्यांना स्ट्रेच कमी आणि ताकद डबल पाहिजे, नाहीतर सांधे सारखे लचकतात.

टर्नआउट, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळवणं, खुब्यातनं येतो, पावलातनं नाही. हे सगळ्या शिक्षिका सांगतात आणि तरी पोरी काय करतात, तर प्लिएमध्ये गुडघे वाकवून पाय फरशीवर चिकटवून 180 अंश करतात आणि मग गुडघे सरळ करतात. सगळा पीळ गुडघ्यात. कोणाचा खुबा किती फिरणार हे हाडाच्या ठेवणीवर असतं, पूर्ण सरळ रेष फार थोड्यांना मिळते. प्लिए करताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या वर आला की तुमचा खरा टर्नआउट तेवढा, भले पाय घड्याळातल्या दहा वाजून दहा मिनिटांसारखे दिसोत. आणि पायाची कमान वाढावी म्हणून दिवाणाखाली पावलं अडकवून बसणं बंद करा, घोट्याच्या पुढची लिगामेंट ढिली होतात. त्यापेक्षा फरशीवर टॉवेल पसरून बोटांनी गोळा करा.

आईबाबांनी दाराच्या चौकटीवर उंची लिहीत जा, दर महिन्याला. मुली साधारण 11-12 च्या आसपास आणि मुलं 13-14 च्या आसपास झपाट्यानं वाढतात, त्या वर्षात मुली 8 सेंटीमीटरच्या आसपास. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागनं येतात, म्हणून गेल्या महिन्यात येणारा स्प्लिट या महिन्यात येत नाही, तोल जातो, पोरगी रडते की मला येत होतं. तिला आळशी म्हणू नका की. त्या काळात ताणणं आणि उड्या कमी, ताकद आणि तोल जास्त. टाचेच्या मागं किंवा गुडघ्याच्या खालच्या टेंगळावर दुखायला लागलं तर ते वाढीच्या जागेवर ताण येतोय म्हणून असू शकतं, दुर्लक्ष नको.

पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायचे कडक बूट, ऑनलाइन मागवू नका. परत सांगते, मागवू नका. साधारण 12 वर्षांच्या आधी नाहीच, आणि नुसतं वय झालं म्हणूनही नाही, तीन-चार वर्षं नियमित शिकणं झालेलं पाहिजे, एका पायावर वीसेक रेलवे (टाच उचलून पावलाच्या पुढच्या भागावर उभं राहणं) न डगमगता आले पाहिजेत, आणि निर्णय तुम्हाला समोर बघणाऱ्या शिक्षिकेचा, व्हिडिओचा नाही. सोलापुरात तशी शिक्षिका जवळ नसेल तर पुण्याला एकदा दाखवून आणा, तोपर्यंत मऊ शूज.

खाण्याचं थोडक्यात. बारीक दिसायचं म्हणून भाकरी सोडणारी पोरगी मला दिसली की मी तिच्या आईला फोन करते. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही, डाळ, अंडं चालत असेल तर अंडं, सगळं पाहिजे. पाळी सुरू झाल्यावर तीन महिने आलीच नाही तर डॉक्टर. झोप शाळकरी पोरांना 9 तास तरी, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, क्लास नाही स्ट्रेच नाही.

आणि लागलंच तर? टक्कन आवाज आला, सूज आली, काळंनिळं झालं, पाय टेकवेना, किंवा रात्री झोपेत दुखायला लागलं, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडं, त्याच दिवशी, मालिशवाल्याकडं नाही. पहिले दोन दिवस बाम चोळणं, गरम शेक, ताणून बघणं सगळं बंद, कपड्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं चालेल. स्पर्धा आहे म्हणून गोळी खाऊन नाचायचं नाही, दुखणं दबतं पण इजा वाढते. परत सुरू करताना आधी चालताना दुखत नाही ना बघा, मग जिना, मग प्लिए, मग दोन पायांवर रेलवे, मग एका पायावर, आणि उड्या सगळ्यात शेवटी.