सोसायटीत कॅमेरे लावताय? या चुका टाळा

सोसायट्यांमध्ये कॅमेरे बसवायचं काम मी करतो. चोर सापडला म्हणून फोन क्वचित येतो, शेजाऱ्यांचं वाजलं म्हणून मात्र सारखा येतो.

समोरच्याचं दार फ्रेममध्ये घेणं

डोंबिवलीतली एक सोसायटी. चपला चोरीला जातात म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सेफ्टी डोअरच्या वर वायफाय कॅमेरा ठोकला. ऑनलाइन मागवलेला, वाइड अँगल, व्हिडिओ बघून स्वतःच लावलेला. चपलांचा रॅक पार खालच्या कोपऱ्यात आणि मधोमध समोरच्यांचं दार. ते उघडलं की त्यांचा हॉल सोफ्यापर्यंत दिसायचा. कुणाला पत्ता नव्हता. एक दिवस लिफ्टमध्ये काकांनी समोरच्यांच्या मुलीला सहज विचारलं, "काल बराच उशीर झाला गं यायला?"

झालं! वाऱ्यासाठी दिवसभर उघडं असणारं दार बंद झालं. मग कॅमेऱ्यावर रुमाल पडला. रुमाल टाकणाऱ्याचं फुटेज घेऊन काका पोलीस चौकीत. मला बोलावलं तोवर दोन्हीकडे वकील झाले होते. काम काय निघालं? कॅमेरा रॅककडे झुकवला, उरलेल्या भागावर सेटिंगमधला प्रायव्हसी मास्क, म्हणजे तेवढा भाग झाकणारा पडदा, लावला. दिलेला चहा गार व्हायच्या आत आटपलं.

माझी सवय अशी: ड्रिल लावण्याआधी कॅमेरा हातात धरून मोबाइलवर फ्रेम बघायची, समोरची बेल वाजवायची आणि तीच फ्रेम त्यांना दाखवायची. घाई असणाऱ्यांना हे फालतू वाटतं. "तुम्ही लावा हो, मी बघतो त्यांचं," म्हणणाऱ्यांचं काम मी घेत नाही. मास्क लावल्यावर रेकॉर्डिंगही उघडून तपासा; काही डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात, तो नुसता लाइव्ह चित्रावर असतो, रेकॉर्डिंगमध्ये सगळं स्वच्छ दिसतं.

"माझ्या दाराबाहेर मी काहीही लावीन," हे तर ऐकवूच नका. पॅसेज सगळ्यांचा असतो, कमिटीची लेखी परवानगी घ्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्येच सांगितलंय. 2025 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असं म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. पण तो वाद घराच्या आतल्या कॅमेऱ्यांचा होता. पॅसेजच्या भांडणात तो निकाल ग्रुपवर फॉरवर्ड करून "जिंकलो" म्हणणारेही मी पाहिलेत.

लाइव्ह सगळ्यांच्या मोबाइलवर

पारदर्शकता म्हणून हौशी कमिट्या ॲपचा पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. फ्लॅट विकून गेलेले, घर सोडलेले भाडेकरू, सगळ्यांकडे तो राहतो. कुणाकडे कोण आलं, कामवाली किती वाजता गेली, यावर ग्रुपमध्ये चर्चा सुरू होते. कचरा टाकणाऱ्याची क्लिप ग्रुपवर टाकणं हाही त्यातलाच प्रकार. माणूस भलताच निघाला तर माफी कोण मागणार? लाइव्ह वॉचमनच्या केबिनमध्ये असावं. जुनं फुटेज लेखी अर्जावर, सेक्रेटरी आणि आणखी एका कमिटी सदस्यासमोरच उघडावं, वहीत नोंद करून. कमिटी बदलली की पासवर्ड त्याच दिवशी बदला.

बाकीच्या, थोडक्यात

- डीव्हीआरला कंपनीचाच पासवर्ड. दाराला कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवल्यासारखं.
- माइक चालू ठेवणं. पॅसेजमधली कुजबुज ऐकून कुठला चोर सापडतो? बंद करा.
- "कॅमेरा चालू आहे" ही पाटी न लावणं. ती शे-दोनशे रुपयांत मिळते.
- कॅमेरे वाढवायचे, हार्डडिस्क तीच ठेवायची. रेकॉर्डिंगचा वेग 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट) ठेवला तर एक कॅमेरा दिवसाला साधारण 21 जीबी खातो. सोळा कॅमेऱ्यांना 4 टीबी जेमतेम अकरा दिवस पुरते. पंधरा दिवसांनी तक्रार आली तर दाखवणार काय?
- तारीख-वेळ चुकीची. वीज जाऊन आली की आधी घड्याळ बघा.

आणि समोरच्याचा कॅमेरा तुमच्या दारावर रोखलेला वाटत असेल, तर आधी त्याच्याकडे जाऊन फ्रेम दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर सेक्रेटरीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोलीस त्यानंतर. रुमाल टाकू नका, तुम्हीच रेकॉर्ड होता.