पेशंट उचलण्याआधी : घरच्या ड्युटीवर नव्याने लागणाऱ्यांसाठी

ठाण्यात पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून ड्युटीवर गेलात की घरचे आधी विचारतात, "बाबा चांगले ऐंशी किलोचे आहेत, झेपेल ना?" जोशात हो म्हणू नका. 'आधीच्या मावशी एकट्याच उचलायच्या' असंही ऐकवतात. त्या काम सोडून का गेल्या, ते विचारा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या सरकारी संस्थेने पेशंट हाताने उचलण्याची मर्यादा साधारण 16 किलो धरली आहे, तीही सगळं सोयीचं असेल तेव्हाच. म्हणजे पेशंटला जेवढा जमेल तेवढा भार त्यालाच घ्यायला लावायचा. आपण फक्त आधार द्यायचा.

व्हीलचेअर पेशंटच्या धडधाकट, म्हणजे लकवा नसलेल्या बाजूला, पलंगाला जरा तिरकी लावा. ब्रेक लावून खुर्ची हलवून बघा. फूटरेस्ट वर करा, नाहीतर नडगी सोलवटते आणि म्हाताऱ्या कातडीची जखम लवकर भरत नाही. आधी कुशीवर वळवून, पाय खाली सोडून बसवा. लगेच उभं करू नका, बीपी एकदम उतरून चक्कर येते. तेवढ्या वेळात लघवीची पिशवी कुठे अडकत नाही ना, ते बघून घ्या. पावलं जमिनीला नीट टेकलेली, गुडघ्यांच्या किंचित मागे हवीत. मग, "आजी, पुढे वाका... अजून... हं, आता उठा!" पुढे वाकल्याशिवाय बूड सुटतच नाही.

धरायचं ते पेशंटच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला. बगलेत हात घालून ओढू नका. लकवा झालेल्या बाजूचा खांदा त्यानेच निखळतो. पेशंटला आपल्या गळ्यात हात टाकू देऊ नका. वळताना पावलं टाकत वळा, कंबर पिळू नका.

वाशी-नेरुळच्या सिडकोच्या जुन्या, छोट्या घरांत पलंग भिंतीला चिकटलेला असतो. तो सरकवून घ्या, संकोच नको. बाथरूमचा उंबरा उंच असेल तर कमोड चेअर, म्हणजे खाली भांडं असलेली संडासची खुर्ची मागा. नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिन्यावरून एकटीने कोणालाही उतरवायचं नाही, घरचे कितीही घाईत असोत.

आणि पेशंट पडायलाच लागला तर झेलायला जाऊ नका. एक पाय पुढे घेऊन त्यावरून हळूहळू खाली घसरू द्या, डोकं सांभाळा. खाली बसल्यावर कुठे दुखतंय ते विचारा. मांडीच्या सांध्यात दुखत असेल तर अजिबात न हलवता डॉक्टरांना फोन करा.