प्राणिजन्य घटकांविना धुलाई : या चुका टाळा

घरातल्या धुण्यातून प्राणिजन्य घटक काढून टाकायचे ठरवले की बहुतेक जण सर्वांत आधी डिटर्जंटची पावडर बदलतात, आणि नेमके तिथेच त्यांचे चुकते. साध्या पावडरीतला मळ काढणारा मुख्य घटक बहुधा लिनिअर अल्किलबेंझिन सल्फोनेट हा असतो आणि तो खनिज तेलापासून तयार होतो. त्याच्या जोडीला धुण्याचा सोडा, सोडियम सल्फेट, झिओलाइट असे निव्वळ खनिज पदार्थ असतात. पर्यावरणाच्या दृष्टीने या पावडरीला जो काही दोष द्यायचा तो जरूर द्यावा, पण प्राण्यांची चरबी तिच्यात असलीच तर फेस आटोक्यात ठेवण्यासाठी घातलेल्या थोड्याशा साबणातून आलेली असते आणि ‘साबण’ हा तेवढा एक शब्द घटकांच्या यादीत शोधला की काम भागते. तरीही मंडळी हिरव्या पानांचे चित्र असलेली महागडी पावडर घरी आणतात, आणि तिच्या शेजारची, कपडे मऊ करणाऱ्या सॉफ्टनरची बाटली मात्र निश्चिंतपणे वापरत राहतात.

खरी झडती त्या बाटलीची घ्यायला हवी. सॉफ्टनरच्या रेणूला धनभारित टोक असते आणि त्याला चरबीच्या लांब साखळ्या जोडलेल्या असतात. पाण्यातल्या सुती धाग्यावर ऋणभार असल्यामुळे हे टोक धाग्याला चिकटते, साखळ्या बाहेर राहतात आणि कापड हाताला मऊ लागते. या साखळ्या सोळा ते अठरा कार्बनच्या असाव्या लागतात, आणि गुरामेंढरांच्या चरबीतून, म्हणजे टॅलोमधून, त्या स्वस्तात मिळतात. म्हणूनच घटकांच्या यादीत ‘डायहायड्रोजनेटेड टॅलोएथिल हायड्रॉक्सिएथिलमोनियम मेथोसल्फेट’ असे लांबलचक नाव दिसले, तर त्यातला ‘टॅलो’ एवढाच भाग वाचावा आणि बाटली परत ठेवावी. कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकायच्या सुगंधी पट्ट्यांवरही हाच लेप असू शकतो. अलीकडच्या सॉफ्टनरांत ‘एस्टरक्वाट’ हा वर्ग वापरतात, पण तो पामच्या तेलापासूनही बनतो आणि चरबीपासूनही, त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच उलगडत नाही. ‘मग व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीही नसलेला, सॉफ्टनर कोणता घ्यावा?’ असे मला वारंवार विचारले जाते. माझे उत्तर ‘कोणताही घेऊ नये’ असे आहे. या लेपामुळे टॉवेल पाणी कमी टिपतो. शेवटच्या विसळण्याच्या पाण्यात चमचाभर सायट्रिक आम्ल विरघळवले की कपड्यात उरलेला सोड्याचा अंश निघून जातो, आणि वाळत घालण्यापूर्वी कपडा दोनदा जोरात झटकला की मला तेवढा मऊपणा पुरतो.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे तिच्याविषयी बोलताना माझा संयम थोडा सुटतो. साबणाची वडी किसायची, त्यात धुण्याचा सोडा मिसळायचा, गरम पाण्यात घोटायचे, की घरच्या घरी शुद्ध डिटर्जंट तयार, असा एक सोपा मार्ग सर्वत्र सांगितला जातो. मीही पांढऱ्याशुभ्र वड्या आणल्या आणि वेष्टनावरच्या ‘शुद्ध’ या शब्दावर विसंबून तीन महिने सगळे धुणे त्या मिश्रणावर काढले. टॉवेल हळूहळू करडे पडत गेले. पुढे एके दिवशी टॉवेलवर पडलेला पाण्याचा थेंब आत शिरेना, तो मोत्यासारखा वरच बसून राहिला. यंत्राच्या रबरी कडेखाली नख फिरवले, तर मेणासारखा राखाडी थर निघाला. ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, त्या जड पाण्यात साबणाचा न विरघळणारा साका होतो, आणि हा साका विसळल्याने न जाता कापडाच्या विणीत बसतो, ही शाळेत शिकलेली गोष्ट मला तेव्हा कुठे आठवली. पुढचा धक्का मात्र शाळेतला नव्हता. त्या वड्यांचा पुठ्ठ्याचा खोका मी कपड्यांचे चिमटे ठेवायला वापरत होतो. एकदा तो उपडा झाला आणि तळाशी बारीक अक्षरात छापलेली घटकांची यादी दिसली. तिच्यात पहिलेच नाव ‘सोडियम टॅलोएट’ होते. प्राण्यांची चरबी टाळण्यासाठी मी तीन महिने चरबीचाच साबण किसत होतो आणि त्याचा पुरावा रोज हाताळत होतो.

टॉवेल कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवले, आणि असे तीनदा केले. पहिल्या दोन वेळा पाणी राख कालवल्यासारखे निघाले. बहुतेक टॉवेल सुधारले, दोन मात्र फरशी पुसायला गेले. तेव्हापासून वडी घेताना मी आधी तिची पाठ वाचतो. ‘टॅलोएट’ म्हणजे गुरामेंढरांची चरबी आणि ‘लार्डेट’ म्हणजे डुकराची. ‘पामेट’, ‘पाम कर्नलेट’ आणि ‘कोकोएट’ ही नावे वनस्पतींच्या तेलांची आहेत. यादी छापलेलीच नसेल, तर ती वस्तू मी घेत नाही. आणि वडी निर्दोष असली, तरी पाणी जड असताना साबण किसून यंत्रात घालण्याची घाई कोणी करू नये.

सशाचे चित्र पाहून वस्तू व्हीगन समजणे ही नवशिक्यांची आवडती चूक आहे. ‘लीपिंग बनी’ या उडी मारणाऱ्या सशाच्या चिन्हाचा संबंध प्राण्यांवरील चाचण्यांशी आहे, घटकांशी नाही, त्यामुळे प्राण्यांवर चाचणी न केलेल्या वस्तूतही चरबी असू शकते. ‘व्हीगन सोसायटी’चे सूर्यफुलाचे चिन्ह 1990 पासून वापरात आहे आणि त्यात घटक व चाचण्या या दोहोंचा विचार होतो. ‘नैसर्गिक’ या शब्दाला तर काहीच अर्थ उरलेला नाही, कारण चरबीही नैसर्गिकच आहे.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे एन्झाइमना, म्हणजे डाग तोडणाऱ्या प्रथिनांना, ती प्राण्यांपासून आली असतील म्हणून घाबरणे. या भीतीला इतिहासात आधार आहे, हे मान्य करायला हवे. ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1913 मध्ये पेटंट घेतलेल्या धुलाईच्या पद्धतीत प्राण्यांच्या स्वादुपिंडातले एन्झाइम वापरले होते. आज मात्र डिटर्जंटमधली एन्झाइम सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून मिळतात आणि त्यांतले सबटिलिसिन हे बॅसिलस जातीच्या जिवाणूंपासून येते. एन्झाइम टाळून मग डाग निघत नाहीत म्हणून उकळते पाणी वापरणाऱ्यांचा हट्ट मला समजलेला नाही.

डाग काढण्याच्या ‘गॉल सोप’मध्ये बैलाचे पित्त असते. लोकरी कपड्यांच्या द्रवसाबणात लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट स्निग्ध पदार्थ, असू शकतो. वाळवणीच्या यंत्रातले ‘पर्यावरणपूरक’ गोळे बहुधा लोकरीचेच असतात. रिठा निःसंशय वनस्पतिजन्य आहे, पण तेलकट कॉलरपुढे तो हात टेकतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यावर फसफसते खूप, मात्र दोघेही एकमेकांना निष्प्रभ करतात. व्हिनेगर आणि क्लोरिनयुक्त ब्लीच तर कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. घरात असलेली सॉफ्टनरची जुनी बाटली नाल्यात ओतून कोणताही प्राणी वाचत नाही, म्हणून ती वापरून संपवावी.

शेवटी, कंपनीला पत्र लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘तुमचे उत्पादन व्हीगन आहे का?’ असे विचारल्यास, आम्ही प्राण्यांवर चाचण्या करत नाही, असे गोड पण भलत्याच प्रश्नाचे उत्तर येते. त्याऐवजी ‘यातील फॅटी आम्ले, ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल कशापासून मिळवलेले आहे?’ असे एकेका घटकाचे नाव घेऊन विचारावे, कारण हे तिन्ही पदार्थ वनस्पतींपासूनही बनतात आणि प्राण्यांपासूनही. ‘कच्च्या मालाचा स्रोत पुरवठादारानुसार बदलतो’ असे उत्तर आले, तर मी ती वस्तू प्राणिजन्य धरून चालतो.