बोट वेग घेत नाही: दोष पंख्यात की इंजिनात, हे कसे ओळखावे

बोट पूर्वीसारखी पळेनाशी झाली की पहिला संशय पंख्यावर जातो, आणि नवा पंखा बसवूनही दुखणे तसेच राहिल्याचे पुष्कळदा दिसते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी दोन आकडे नोंदवावेत: थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडल्यावरचे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि त्याच क्षणीचा जीपीएसवरील वेग. ही चाचणी शांत पाण्यात, नेहमीच्या वजनासह घ्यावी आणि प्रवाहाचा परिणाम वगळण्यासाठी जाता-येता दोन्ही दिशांचा वेग मोजून सरासरी काढावी.

आरपीएम पुस्तिकेतील पूर्ण थ्रॉटलच्या पट्ट्याशी, म्हणजे किमान-कमाल मर्यादेशी, ताडून पाहावेत. अनेक फोर-स्ट्रोक आउटबोर्डांसाठी (बोटीच्या मागे बाहेर बसवलेल्या इंजिनांसाठी) तो 5000 ते 6000 असतो. आरपीएम पट्ट्यात किंवा त्याच्याही वर, पण वेग कमी, असे असेल तर इंजिन ताकद देत आहे, ती पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. येथे स्लिपचे, म्हणजे सैद्धांतिक वेगापेक्षा प्रत्यक्ष वेग किती टक्के कमी आहे याचे, गणित उपयोगी पडते. आरपीएमला इंचांतील पिचने (पंखा एका फेऱ्यात तत्त्वतः जितके पुढे जातो त्या अंतराने) गुणावे आणि गिअर गुणोत्तर व 1215 यांच्या गुणाकाराने भागावे, म्हणजे नॉटमधील सैद्धांतिक वेग मिळतो. 5400 आरपीएम, 17 इंच पिच आणि 2:1 गिअर असल्यास तो सुमारे 37.8 नॉट येतो. प्रत्यक्षात 32 मिळाले तर स्लिप 15 टक्के, जी वेगवान बोटीसाठी स्वाभाविक आहे. ती एकाएकी बरीच वाढली असेल तर वाकलेली पाती, प्रमाणाबाहेर वर केलेला ट्रिम (इंजिनाचा कल), फार उंच बसवलेले इंजिन किंवा सुटलेला हब (पंख्याचा शाफ्टवर बसणारा, रबर असलेला मधला भाग), यांपैकी काहीतरी आहे.

हबची खात्री सहज करता येते. इंजिन बंद करून, किल-स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या सुरक्षा बटणाची) दोरी काढून, पंख्याच्या बाहेरील नळीपासून आतल्या हबपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी. बोट जोरात चालवून एक फेरी मारल्यावर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर आतले रबर फिरत आहे. संथ चालताना अशी बोट अगदी निरोगी वाटते, म्हणूनच हा दोष फसवा ठरतो. पंखा काढलाच आहे तर शाफ्टवर मासेमारीचा दोर गुंडाळलेला नाही ना, हेही पाहावे. तो सील कापतो, पाणी आत शिरते आणि गिअर ऑइल दुधाळ होते.

याउलट आरपीएमच पट्ट्याच्या खाली राहत असतील, तर आधी तळावरील शेवाळ व कालवे आणि बिल्जमधील (बोटीच्या आतल्या तळातील) साचलेले पाणी तपासावे. त्यानंतर इंजिन बंद असताना एकाने लिव्हर पूर्ण पुढे ढकलावा आणि दुसऱ्याने थ्रॉटल खरोखर शेवटपर्यंत उघडतो का ते पाहावे. जोरात चालताना इंधनाचा बल्ब (इंधनाच्या नळीवरील रबरी हातपंप) दाबल्यावर आरपीएम सावरले तर इंधनाचा पुरवठा अपुरा आहे. बल्ब आपोआप चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला, बहुधा बंद राहिलेल्या व्हेंटमध्ये (टाकीत हवा येण्याच्या छिद्रात) असतो. डिझेल इंजिनाचा काळा धूर अतिभार किंवा हवेची कमतरता दाखवतो, निळा धूर जळणारे तेल. इंजिन तापले की बोटींची अनेक आधुनिक इंजिने स्वतःच आरपीएम रोखतात, हेही ध्यानात असावे.

एवढे झाल्यावरच पिचचा विचार करावा, कारण काल त्याच पंख्यावर नीट धावणाऱ्या बोटीचे पिच आज आपोआप चुकत नाही. पिच एक इंच कमी केल्यास आरपीएम साधारण 150 ते 200 ने वाढतात, आणि पूर्ण भारासह ते पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात येतील असाच पंखा निवडावा.