मुलांना कोडिंगची सुरुवात: आंबा झेलण्याच्या खेळातून पायथॉनकडे

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना स्क्रॅचपासून, म्हणजे रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायच्या साधनापासून, सुरुवात करून द्या. एमआयटी मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आलेलं हे साधन मोफत आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. नेटचा भरवसा नसेल तर लॅपटॉपवर त्याचं ॲप एकदा उतरवून ठेवा. फोनच्या छोट्या पडद्यावर ब्लॉक ओढताना मुलं वैतागतात, त्यामुळे लॅपटॉप किंवा टॅब्लेट हवाच. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनिअर आहे, त्यात वाचता यावं लागत नाही.

पहिल्या दिवशी व्याख्या सांगत बसू नका. एक छोटा खेळ पूर्ण करायला घ्या: वरून आंबा पडतो, खाली वाडगं सरकवून तो झेलायचा. वाडगं स्क्रॅचच्या संग्रहात मिळतं, आंबा मुलांनाच रंगवू द्या.

स्क्रॅचचा रंगमंच ४८० रुंद आणि ३६० उंच असतो. मधोमध शून्य, एक्स उणे २४० ते २४०, वाय उणे १८० ते १८०. हे कागदावर काढून समोर ठेवा. वाडगं वाय उणे १३० वर ठेवा आणि डाव्या-उजव्या बाणाच्या कळांनी त्याचा एक्स १० ने बदला. आंब्याला सुरुवातीला वाय १७० वर न्या, मग ‘फॉरेव्हर’ या, आतलं काम पुन्हा पुन्हा करत राहणाऱ्या ब्लॉकच्या आत वाय दर वेळी ५ ने कमी करा. स्क्रॅच सेकंदाला साधारण ३० फेऱ्या मारतो, म्हणजे आंबा दोन-सव्वादोन सेकंदांत खाली येतो. नवशिक्या हातांना हा वेग बरा पडतो.

खरं शिकणं पुढच्या चुकांमध्ये आहे, म्हणून त्या होऊ द्या.

‘वाडग्याला लागला का?’ ही तपासणी मूल बहुधा ‘फॉरेव्हर’च्या बाहेर ठेवतं. मग ती खेळ सुरू करणारा हिरवा झेंडा दाबल्यावर एकदाच होते, आणि तेव्हा आंबा वर असतो. ती आत नेली की गुण एकदम पाच-दहाने उडतात, कारण आंबा वाडग्याला टेकलेला असेपर्यंत प्रत्येक फेरीत एक गुण वाढतो. उपाय: गुण वाढवल्यावर लगेच आंबा वर पाठवा, एक्स उणे २०० ते २०० मधला कुठलाही. न झेललेला आंबाही वर जायला हवा, त्यासाठी ‘वाय उणे १६५ पेक्षा कमी’ ही अट घाला. तिथे उणे २०० लिहिलं तर लहान आंबा तळाशी अडकून बसतो, कारण स्क्रॅच चित्राला रंगमंचाबाहेर पूर्ण जाऊ देत नाही. वेग ५ वरून खूपच वाढवला तर आंबा कधीकधी वाडग्याला न लागताच पलीकडे उडी मारतो. आणि दुसऱ्या डावात जुने गुण दिसले, तर सुरुवातीला गुण शून्य करायचे राहिलेत.

या सगळ्यात माऊस मुलाच्याच हातात राहू द्या. चूक दिसली तरी लगेच सांगू नका. ‘झेंडा दाबल्यावर काय होईल?’ हे आधी बोलून घ्या, मग दाबायला लावा. एका वेळी एकच आकडा बदलायचा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. पाऊण तास झाला की थांबा.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ब्लॉक बालिश वाटू लागतात. त्यांना थॉनी हा कोड लिहायचा मोफत एडिटर द्या. पायथॉन ही टाइप करून लिहायची प्रोग्रामिंग भाषा त्याच्यासोबतच येते आणि प्रोग्राम एकेक पायरीने चालवून बघता येतो. सुरुवात टर्टलने, म्हणजे पडद्यावर रेघ ओढत चालणाऱ्या कासवाने करा: १०० पावलं पुढे, ९० अंश उजवीकडे, असं चार वेळा केलं की चौकोन. आता त्रिकोण काढायला सांगा. बहुतेक मुलं ६० अंश वळवतात आणि अर्धा षटकोन काढून बसतात. कासव बाहेरच्या कोनातून वळतं, म्हणून १२० हवे. भूमितीच्या तासाला न पटलेला बाह्यकोन इथे डोळ्यांना दिसतो, त्यामुळे हा भाग घाईने उरकू नका. १४४ अंश पाच वेळा केले की चांदणी होते.

फाइलला टर्टल हेच नाव देऊ नका. दिलं तर पायथॉन खऱ्या टर्टलऐवजी तुमचीच फाइल उघडतं आणि न समजणारी चूक दाखवतं. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाही मोजली जाते: सहसा चार स्पेस ठेवतात, आणि एका गटातल्या सगळ्या ओळींना सारख्याच हव्यात.

नंतर आकडा ओळखायचा खेळ करा. कीबोर्डवरून आलेलं उत्तर पायथॉन अक्षरं म्हणून घेतं, त्यामुळे आधी ‘इंट’ने त्याचा आकडा करावा लागतो. पायथॉनमध्ये व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवायच्या जागेला, ‘गुण’, ‘वेग’ अशी देवनागरी नावंही चालतात. मराठी माध्यमातल्या मुलांना ती जरूर वापरू द्या. मात्र कोडमध्ये आकडे इंग्रजी लिपीतलेच टाइप करावे लागतात, मराठी आकडा टाकला की तिथेच चूक येते.